खर्ज कुठे गेला? सिडकोतल्या एका कानसेनासाठी हेडफोनची निवड

या प्रकरणातले काका ६७ वर्षांचे. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, त्यांची सगळी नोकरी झाली. आता सिडकोतल्या घरात ते आणि काकू दोघंच असतात. लेक नोकरीनिमित्त पुण्याला. शास्त्रीय गाण्याचा नाद तरुणपणापासूनचा. स्वतः गात नाहीत, पण कान तयार आहे. कालिदास कलामंदिरातली मैफल असो की पिंपळपारावरची पाडवा पहाट, काका वेळेआधी जाऊन पुढची जागा धरतात. घरी मात्र पंचाईत होते. भिंतीला भिंत लागलेली घरं आणि काकांची ऐकायची वेळ पहाटे पाचची. त्या वेळी स्पीकरवर ललत लावला की शेजारचं तान्हं बाळ उठतं.

म्हणून लेकीने वाढदिवसाला हेडफोन पाठवला. ब्लूटूथचा, कानभर बसणारा, बंद कपांचा, चांगल्या नावाचा आणि स्वस्त नसलेला. पंधरवड्याच्या आत तो खोक्यात परत गेला. काकांच्या तक्रारी तीन होत्या: आवाज पोकळ वाटतो, अर्ध्या तासात कान दुखतात आणि नंतर डोकं जड होतं. लेकीला वाटलं, पीस खराब निघाला. दुकानदार म्हणाला, वय झालं की कान असेच होतात. काकूंचं म्हणणं, ह्यांना सवयच नाही कानाला काही लावायची.

मी नाशकात कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम करतो, त्यामुळे असे फोन येतात. लेकीने विचारलं, "दादा, बाबांसाठी दुसरा कुठला घेऊ? नाव सांगा, आजच मागवते." मी तिला थांबायला सांगितलं. पहिला का नकोसा झाला हे कळल्याशिवाय दुसरा आणला, तर तोही त्याच खोक्याशेजारी जाऊन बसतो. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं की, काकांच्या तीन तक्रारी तीन नव्हत्याच. मुळात एकच गोष्ट होती, आणि तिचा ना पीसशी संबंध होता ना सवयीशी.

ऐकणं कसं आहे

घरी गेल्यावर हेडफोनबद्दल आधी काही विचारलं नाही. कधी ऐकता, किती वेळ, बसून की पडून, ऐकताना हातात काय असतं, घरात त्या वेळी कोण काय करत असतं, हे विचारलं. पहाटे पाच ते साडेसहा गॅलरीत खुर्चीवर, दुपारी जेवणानंतर तासभर पलंगावर, रात्री झोपण्याआधी अर्धा तास. म्हणजे दिवसाला तीन तास धरा. पहाटे हातात वही असते. रागाचं नाव, बंदिशीचे शब्द, कुणी गायलं, ते काका टिपून ठेवतात. अशा वह्यांचा एक गठ्ठाच त्यांच्याकडे आहे. अर्थात चष्मा डोळ्यांवर असतोच. चष्मा जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमचा, कानाजवळ काडी चांगली बोटभर रुंद.

काकू चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "माझे गुडघे असे. पहाटे उठताना कधी आधार लागतो, आणि ह्यांना हाक ऐकूच जात नाही." हे काकांनी सांगितलं नव्हतं आणि लेकीच्याही ध्यानात नव्हतं. माझ्या लेखी मात्र या खरेदीतली ती पहिली अट ठरली. बाहेरचा आवाज किती अडवायचा हा प्रश्न प्रवासातल्या माणसाला एक उत्तर देतो आणि घरात आजारी किंवा वयस्क माणूस असलेल्याला नेमकं उलटं. जाहिरातीत नेहमी पहिलंच उत्तर असतं.

आधी कान

प्रेस शॉप म्हटल्यावर माझ्या मनात शंका होतीच. पत्रा कापणारे, दाबणारे प्रेस दिवसभर ठोकत असतात. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरलेली आहे, आणि जुन्या काळी कानात बोळे घालणारे कामगार थोडेच. म्हणून काकांना आधी श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितलं. पन्नाशी ओलांडलेल्या कुणीही महागाचा हेडफोन घेण्याआधी हे करावं, असं मी आता आग्रहाने सांगतो. चाचणी साधी असते. बंद खोलीत बसवून प्रत्येक कानाला २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात, आणि प्रत्येक सूर किती हळू केला तरी ऐकू येतो ते आलेखावर मांडतात.

डॉक्टरांनी आधी दोन्ही कानांतला मळ काढला. तो बऱ्यापैकी होता. मग आलेख आला. २००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान ठीक, २५ डेसिबलच्या आत. ४००० ला मात्र मोठा खड्डा: उजवीकडे ४०, डावीकडे ५५. आणि ८००० ला पुन्हा थोडं बरं. ४००० च्या आसपास पडलेला असा खड्डा सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांच्या आलेखात ओळखीचा आहे. नुसत्या वयाने आलेली घट वेगळी दिसते. तिथे रेषा टोकाकडे उतरतच जाते. डावं-उजवं सारखं नव्हतं म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तेही तपासून घेतलं. दुसरं काही निघालं नाही. काकांनीच सांगितलं, मशीन कायम डाव्या हाताला असायची.

याचा गाण्याशी काय संबंध? गायकाचा सूर, तानपुऱ्याचे मूळ स्वर, डग्ग्याची घुमक हे सगळं खालच्या भागात असतं आणि तिथे काकांचा कान शाबूत होता. ३०००-४००० च्या पुढे असते ती शब्दांची धार: स, श, ट, फ यांचे उच्चार, तबल्याच्या चाटीवरचं 'ना', तानपुऱ्याच्या जवारीची किणकिण. म्हणजे काकांना बंदिशीचे शब्द धूसर लागणं समजण्यासारखं होतं. पण त्यांची तक्रार शब्दांची नव्हतीच. ती पोकळपणाची होती आणि पोकळपणा खालचा आवाज गेल्याने येतो. कानाचा आलेख सांगत होता की खालचा आवाज त्यांना ऐकू यायला हवा. दुकानदाराचं 'वय झालं' हे उत्तर इथे बाद झालं.

चष्म्याची काडी

दुसऱ्या भेटीत भेटीचा हेडफोन खोक्यातून काढला. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं, पट्टी काळी एक. या पट्टीत जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला बोलतात आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. हेडफोनमध्ये खालचा आवाज पोचतो की नाही हे बघायला याहून चांगलं साधन आपल्या गाण्यात नाही. तार एकसारखी चालू राहते, गायक मध्ये येत नाही आणि ऐकणाऱ्याला तो आवाज पाठ असतो.

काकांनी हेडफोन लावला, मान तिरपी केली. "हे बघ, किणकिण आहे, पण खाली काही नाही. तानपुरा नुसता वरच्या वर वाजतोय."

मी म्हटलं, "काका, चष्मा काढा बरं जरा."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, हेडफोन परत नीट बसवला. क्षणभर थांबले. मग एकदम, मोठ्याने, हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसं, "आला की खर्ज!"

नंतर आम्ही काकूंचा चष्मा घेतला, तारेसारख्या बारीक काडीचा. त्यातून काकांना समोरचं काही दिसत नव्हतं, पण खर्ज बऱ्यापैकी टिकला. पुन्हा त्यांचा जाड काडीचा चष्मा लावला, पुन्हा गेला. दोन-तीनदा अदलाबदल केली, फरक दर वेळी तोच. काकूंनीही लावून ऐकलं आणि त्यांनाही तो कळला.

बंद कपाच्या हेडफोनमध्ये पडदा, गादी आणि डोक्याची कातडी यांच्यामध्ये हवेची एक छोटी बंद खोली तयार होते. खालच्या सुरांना त्या खोलीत हवेचा दाब चढवावा आणि उतरवावा लागतो. कुठे फट राहिली की दाब तिथून निसटतो. वरच्या सुरांना फटीने फारसा फरक पडत नाही, त्यामुळे किणकिण तशीच राहते आणि खर्ज, डग्गा, पुरुषी आवाजातला भरणा हे सगळं उडून जातं. चष्म्याची रुंद काडी गादी उचलून धरते आणि कानाच्या वर, पुढे अशी फट ठेवते. दाढी, कानावर येणारे दाट केस, मोठे डूल यांनीही हेच होतं.

आता उरलेल्या दोन तक्रारी बघा. आवाज पोकळ लागला की माणूस काय करतो? वाढवतो. काकांचा मोबाइल चष्मा असताना पंधरापैकी बाराव्या घरावर असायचा. चष्मा काढल्यावर त्यांनी स्वतःहून आठवर आणला. बारावर ठेवून खर्ज काही परत येत नव्हता, पण २००० ते ४००० चा भाग मात्र टोचायला लागत होता. कारखान्यातल्या आवाजाने दुखावलेल्या कानाचं एक वैशिष्ट्य असं की, हळू आवाज ऐकू येत नाही, पण थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. मधली जागाच आक्रसलेली असते. तासभर असं ऐकल्यावर डोकं जड होणारच. आणि कान दुखत होता तो आवाजाने नाही, तर काडीवर. गादीचा सगळा दाब कानामागच्या हाडावर, काडीच्या रेषेत एकवटत होता. काकांच्या कानामागे त्याचा लाल वळ उठलेला मी पाहिला.

आवाज, आराम आणि आरोग्य असे तीन रकाने आपण करतो, त्यांना वेगवेगळे गुण देतो आणि बेरीज बघून हेडफोन घेतो. काकांच्या बाबतीत तिन्हींचं मूळ एका काडीत होतं. हेडफोन डोक्यावर कसा बसतो हा आरामाचा प्रश्न आहे असं समजून तो शेवटी विचारला जातो. तो आवाजाचाच प्रश्न आहे आणि पहिला आहे.

लावून पाहिलेले

सोपा उपाय म्हणजे बारीक काडीचा चष्मा करणं. तो सुचवलाही. काकांनी नुकताच नवा नंबर काढून फ्रेम घेतली होती, लगेच दुसरी नको म्हणाले. शिवाय काकूंच्या हाकेची अट बाकी होतीच. तेव्हा वेगळ्या घडणीचे हेडफोन लावून बघायचं ठरलं. काही माझ्या कामाचे होते, काही मित्रांकडून आणले.

मेन रोडला किंवा कॉलेज रोडला दुकानात जाऊन ऐकण्याचा आग्रह मी धरला नाही. दुकानात दोन मिनिटं ऐकायला मिळतं, तेही गर्दीच्या आवाजात आणि दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर. दोन मिनिटांत जो जास्त खणखणीत तो चांगला वाटतो. कान दुखायला अर्धा तास लागतो. म्हणून घरीच, पहाटेच्या खुर्चीवर, चष्मा लावून, एक राग पूर्ण होईपर्यंत हेडफोन काढायचा नाही असं ठरवलं. दुसरी गोष्ट, सगळ्यांचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा. एखादा हेडफोन दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा वाजला, तरी माणसाला तोच जास्त सुरेल वाटतो. आपला कान तसाच आहे.

ऐकायला तीन गोष्टी ठेवल्या. तानपुरा, गायक द. वि. पलुस्करांचं एक जुनं ध्वनिमुद्रण, आणि मी स्वतः केलेलं अलीकडच्या एका मैफलीचं. पलुस्कर घराण्याचं नाशिकशी नातं जुनं, विष्णू दिगंबर उत्तरायुष्यात इथेच राहिले, आणि काकांचा जीव त्यांच्या मुलाच्या, म्हणजे द. विं.च्या गाण्यावर. द. वि. १९५५ साली गेले, तेही ऐन तारुण्यात. त्यांचं ध्वनिमुद्रण सगळं मोनो, तबकडीच्या खरखरीसकट. अशा ध्वनिमुद्रणासाठी हेडफोन निवडताना 'बारीकसारीक सगळं ऐकू येतं' ही स्तुती जपून घ्यावी लागते. बारीकसारीकमध्ये खरखरही आली.

पहिला माझ्या रोजच्या कामाचा, सोनीचा एमडीआर-७५०६. १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत वापरला जातो आणि ध्वनिमुद्रणातला दोष पकडायला माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा आहे. काकांना पलुस्करांचे शब्द यात सगळ्यात स्वच्छ लागले. पण खरखरही तितकीच पुढे आली. शिवाय हा बंद कपांचा, त्यामुळे काडीचा प्रश्न तसाच. गादी पातळ, काकांचे कान मोठे. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकत होती. दोष शोधायचा हेडफोन वेगळा आणि पहाटे दीड तास गाण्यात बुडायचा वेगळा.

मग उघड्या पाठीचे. यांच्या कपाला बाहेरून जाळी असते. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. हवा कोंडून दाब चढवण्यावर यांची मदार कमी असते, त्यामुळे चष्म्याच्या फटीने खालचा आवाज एकदम कोसळत नाही. पुरता खोल खर्ज यांत मुळातच थोडा कमी असतो हे खरं, पण जो असतो तो चष्मा लावला काय, काढला काय, जवळजवळ तेवढाच राहतो.

सेनहायझरचा एचडी ६०० लावला तेव्हा काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मानवी आवाज इतका सहज ऐकवणारे हेडफोन थोडे. १९९७ पासून त्याचा लौकिक टिकून आहे तो उगीच नाही. पण तो ३०० ओहमचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा आहे. मोबाइलमधून त्याला पुरेसा जोर मिळत नव्हता. जुनं, हळू आवाजातलं ध्वनिमुद्रण लावलं की मोबाइल शेवटच्या घरापर्यंत नेऊनही कमी पडे. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन टेबलाशी बसावं लागलं असतं. काकांची जागा गॅलरीत, कुंड्यांपाशी. ती बदलायला सांगण्याचा मला काय अधिकार?

त्याच कंपनीचा एचडी ५९९ हा ५० ओहमचा, मोबाइलवर व्यवस्थित वाजणारा, वजन २५० ग्रॅमच्या आसपास, पाठ उघडी. कप मोठे, काकांचे कान पूर्ण आत मावले. गादी मखमली, मऊ. काडीभोवती ती दबून बसते आणि काडी कानामागे रुतत नाही. तानपुरा लावला, चष्म्यासह. खर्ज होता. बंद कपात चष्मा काढल्यावर जेवढा भरीव वाटला होता तेवढा नाही, पण होता, आणि मान हलवली तरी जात नव्हता. खरखर मागे राहिली, पलुस्करांचा आवाज पुढे. काकू आतल्या खोलीतून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, दूध आलंय." काका उठले. त्यांनी हेडफोन काढलाही नव्हता.

बाकीचे पर्याय थोडक्यात. कानात घालायचे छोटे ईअरफोन चष्म्याच्या भानगडीतून सुटतात, पण काकांच्या कानात मळ लवकर साठतो आणि खाज सुटते. डॉक्टरांनीच नको म्हटलं. हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन लेकीने सुचवले, 'कान कमजोर असलेल्यांना बरे' असं तिने कुठेतरी वाचलं होतं. कानाच्या पडद्यात किंवा मधल्या भागात अडथळा असेल तर ते बरोबर आहे. काकांची घट आतल्या कानातली. हाडातून गेलेला आवाजही शेवटी त्याच आतल्या कानात जातो, तेव्हा त्यांना त्याचा फायदा नाही, आणि त्यात खर्ज तर फारच कमी. बाहेरचा आवाज यंत्राने पुसून टाकणारे हेडफोन बस, रेल्वे, विमान यांच्या एकसुरी घरघरीवर उत्तम चालतात. पहाटे पाचला सिडकोत पुसायला आवाजच नसतो.

आवाज किती

माझ्या मते निवडीचं अर्धं काम हेडफोन ठरल्यावर सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली सुरक्षित ऐकण्याचं जे मानक आणलं, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मात्रा धरली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. काकांचे रोजचे तीन तास म्हणजे आठवड्याचे २१. तेव्हा त्यांची कमाल मर्यादा ८३ च्याही किंचित खाली येते. आणि ही मात्रा सामान्य कानासाठी आहे; ज्याने तरुणपणीच आपला कोटा मशीनसमोर खर्च केला आहे, त्याने याहून जपायला हवं. पुठ्ठ्याच्या चकतीला भोक पाडून त्यात ध्वनिमापक बसवला, कप त्यावर ठेवला आणि मैफलीचा चढा भाग लावून ढोबळ मोजमाप घेतलं. मोबाइलवर दहाच्या वर जायचं नाही असं ठरलं. प्रत्यक्षात काका आठ-नऊवरच ऐकतात. पोकळपणा गेल्यावर आवाज वाढवायची गरजच उरली नाही.

राहता राहिले ते शब्द. मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये ४००० हर्ट्झ वर उचलून बघितलं. तिथे ५५ डेसिबलची घट आहे म्हणून ५५ ने उचलायचं, असा हिशेब चालत नाही. आठ डेसिबल उचलले तेव्हा शब्द लख्ख आले, पण प्रत्येक 'स'ला काकांच्या कपाळावर आठी पडत होती. आक्रसलेली मधली जागा ती हीच. तीनवर आणलं, आठी गेली, शब्द बऱ्यापैकी राहिले. तिथेच थांबलो. डावा-उजवा तोल साधायची सोय मोबाइलमध्ये असते, तीही लावून पाहिली, पण ती सगळाच आवाज एका बाजूला ढकलते. काकांचे दोन्ही कान खाली सारखे आहेत, त्यामुळे गायकच एका कानाकडे सरकला. ती सोय बंद केली. जवारीची किणकिण काकांना उजवीकडे थोडी जास्त ऐकू येते. ती तशीच राहील.

काय ठरलं, पुढे काय झालं

एचडी ५९९ घेतला. काकांच्या मोबाइलला हेडफोनचं गोल भोक नाही, म्हणून टाइप-सीला लावायचा छोटा जोड घेतला. तारेचा हेडफोन पाहून लेक थोडी नाराज झाली. बाबांना वायरीचा त्रास होईल, असं तिला वाटत होतं. पण काका एका जागी बसून ऐकतात, आणि पहाटे पाचला बॅटरी संपली असं होत नाही, हे त्यांना फार पटलं.

उघड्या पाठीचा तोटा लपवत नाही. काका शेजारी बसून ऐकत असतील तर काकूंना बारीक आवाजात गाणं ऐकू येतं. पहाटे गॅलरीचं दार ओढून घेतलं की आत काही येत नाही, आणि शेजारच्या बाळापर्यंत तर मुळीच नाही. रात्री पलंगावर मात्र काकूंना झोपताना त्रास होऊ लागला. काकांनी रात्रीचा अर्धा तास संध्याकाळी देवापुढे दिवा लागल्यावर गॅलरीत नेला.

दुपारचं वेगळंच झालं. शेजारचा मिक्सर, रस्त्यावरचा भाजीवाला, शाळेची रिक्षा या सगळ्यात उघडा हेडफोन चालेना. बंद कपांचाच दुसरा घ्यावा का, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, दुपारी हेडफोन हवाच कशाला? त्या वेळी कुणी झोपलेलं नसतं, जुना छोटा स्पीकर आहेच. आता दुपारी काकू आणि काका दोघं मिळून नाट्यगीतं ऐकतात. काकांचे कानाला लावून ऐकण्याचे तास आठवड्याला २१ वरून १४ वर आले.

भेट आलेला हेडफोन लेक पुण्याला घेऊन गेली. तिला चष्मा नाही, ऑफिसच्या बसमध्ये तासभर जातो. तिला त्यात खर्ज भरपूर ऐकू येतो आणि बसची घरघर कमी लागते. पीसमध्ये काहीच खोट नव्हती.

महिन्याभराने गेलो तेव्हा मखमली गादीवर खोबरेल तेलाचा काळपट कडा धरलेला दिसला. काका आंघोळीनंतर डोक्याला तेल लावतात आणि मग ऐकायला बसतात. नकली चामड्याच्या गाद्यांचे तेल-घामाने पापुद्रे सुटतात. मखमलीला तेवढं होत नाही, पण ती धूळ आणि तेल धरते, कडक होते, आणि कडक झालेली गादी चष्म्याच्या काडीभोवती बसत नाही. म्हणजे फिरून तोच पोकळपणा. या गाद्या ओढून निघतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने हातानेच धुवायच्या, पिळायच्या नाहीत, सावलीत पूर्ण वाळवायच्या. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे जास्त वेळा करावं लागेल. काकूंनी एक जुना सुती रुमाल काढून दिला आहे; ऐकायला बसताना काका तो डोक्याला बांधतात, गादीच्या वर, पट्ट्याखाली येईल असा. दोन-तीन वर्षांनी गाद्या बदलाव्या लागतील. त्या सुट्या मिळतात का, हे घेण्याआधी पाहून ठेवलं होतं.

पुढची श्रवणचाचणी सहा महिन्यांनी आहे. डावीकडचा खड्डा वाढला असेल तर श्रवणयंत्राचा विचार करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले आहेत. तसं झालं तर हेडफोनची निवड पुन्हा तपासायला लागेल: कानामागचं यंत्र आणि चष्म्याची काडी दोन्ही त्या कपात मावतात का, कप जवळ आला की यंत्र शिट्टी मारतं का, आणि यंत्र बोलण्यासाठी जे सूर उचलतं ते तानपुऱ्याला मानवतात का. काकांनी ती तारीख वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे, आणि त्या दिवशी चाचणीला जाताना हेडफोन बरोबर न्यायचा असं आमचं ठरलं आहे.